चरित्र अभिनेत्री ललिता पवार

विशेषनाम हे एकाच व्यक्तीचे वा वस्तूचे नाव असते, हे आपण व्याकरणात शिकतो. परंतु काही वेळा विशेषनामाचा उपयोग सामान्यनामासारखाही होतो. भांडणे लावून देणाऱ्या माणसास आपण ‘कळीचा नारद’ म्हणतो. कपटी सल्ला देणाऱ्यास ‘शकुनिमामा’ म्हणतो. ही नावे पुराणांतून व महाकाव्यांतून आपल्या भाषेत आली. परंतु सुनेस छळणाऱ्या सासूस ‘अगदी ललिता पवार आहे हो!’ असे म्हणण्याची जी रीत आपल्या घराघरांत पडली, ती काही पुराणातून आलेली नाही. ललिता पवार ही विसाव्या शतकात होऊन गेलेली, आपल्याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेली एक अभिनेत्री. एखाद्या नटीचे नाव बोलभाषेत असे रुजावे, हा तिच्या कलेचा मोठाच गौरव होय. तथापि या गौरवात थोडा अन्यायही दडलेला आहे. जे नाव आपण दुष्टपणाचे म्हणून उच्चारतो, ते धारण करणाऱ्या स्त्रीने केवढ्या आपत्तीतून आपले आयुष्य पुन्हा उभे केले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ते समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

मालेगावहून दक्षिणेस मनमाडच्या वाटेने निघाले, म्हणजे सुमारे पासष्ट किलोमीटरवर येवले हे गाव लागते. मालेगावप्रमाणेच येवलेही विणकरांचे गाव. मालेगावी यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो, तर येवल्यात हातमागावर रेशमी पैठण्या विणल्या जातात. सेनापती तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणूनही येवले प्रसिद्ध आहे. या गावी १८ एप्रिल १९१६ रोजी लक्ष्मणराव सगुण नावाच्या गृहस्थांच्या कुटुंबात एक कन्या जन्मली. लक्ष्मणराव रेशमी व सुती कापडाचा व्यापार करीत आणि घरची स्थिती चांगली होती. मुलीचे नाव अंबा ठेवण्यात आले. हीच अंबा पुढे ललिता पवार या नावाने साऱ्या देशास परिचित झाली.

कुलीन घरातील मुलीने चित्रपटात काम करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. याच नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रदर्शित केला, तेव्हा तारामतीचे काम करण्यास त्यांना कोणी स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसवून त्यांनी तारामती उभी केली. पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’ या चित्रपटात याच साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या! कॅमेऱ्यापुढे उभे राहणे हे स्त्रीस कमीपणा आणणारे आहे, अशी समाजाची समजूत होती. या घटनेस पंधरा वर्षे होतात न होतात, तोच येवल्याच्या व्यापाऱ्याची ही लहानगी मुलगी कॅमेऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. १९२८च्या सुमारास पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीच्या चित्रपटांतून तिने कामास आरंभ केला. त्या वेळी तिचे वय जेमतेम बारा वर्षांचे होते.

ते मूकपटांचे दिवस होते. मूकपट म्हणजे ज्यात पात्रांचे बोलणे प्रेक्षकांस ऐकू येत नाही, असा चित्रपट. दोन दृश्यांच्या मध्ये पडद्यावर लिखित मजकुराच्या पाट्या येत आणि त्यांवरून कथेचा धागा समजे. परंतु हर्ष, शोक, भय, मत्सर हे सारे भाव नटास केवळ मुद्रेने व हालचालीने व्यक्त करावे लागत. शब्दांचा आधार नसल्यामुळे डोळे, भुवया, ओठ आणि हात हीच नटाची वाणी असे. ललिताबाईंचे अभिनयाचे शिक्षण या शाळेत झाले. पुढे कित्येक वर्षांनी एक शब्दही न उच्चारता, नुसत्या नजरेने त्या समोरच्या पात्रास गप्प बसवीत, त्याचे मूळ या काळात सापडते.

अल्पावधीतच त्या नायिका झाल्या. पौराणिक कथांप्रमाणेच घोडदौड, तलवारबाजी व साहसाच्या प्रसंगांनी भरलेल्या चित्रपटांतूनही त्यांनी कामे केली. १९३२ साली निघालेल्या ‘कैलास’ या मूकपटात त्यांनी अभिनय तर केलाच, शिवाय त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. तेव्हा त्या अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. दरम्यान १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट पडद्यावर आला आणि पाठोपाठ १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. चित्रपट बोलू लागला आणि मूकपटातील अनेक नटनट्यांचे दिवस मावळले. कोणाचा आवाज चांगला नव्हता, कोणाचे उच्चार शुद्ध नव्हते, तर कोणास गाणे येत नव्हते. ललिताबाई मात्र या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. १९३५ सालच्या ‘हिम्मते मर्दां’ या बोलपटात त्या नायिका होत्या. थोर रशियन लेखक टॉलस्टॉय यांच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘दुनिया क्या है’ या बोलपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. रूप, आवाज, धाडस आणि कर्तृत्व या सर्वांचा लाभ झालेली ही तरुण अभिनेत्री यशाच्या वाटेवर झपाझप पावले टाकीत होती.

अशा वेळी, १९४२ साली, त्यांच्यावर आघात झाला. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका प्रसंगात सहनट मास्टर भगवान यांनी त्यांच्या श्रीमुखात मारावयाची होती. अशा प्रसंगी नट मारल्याचा केवळ आविर्भाव करतो. परंतु त्या दिवशी चुकून तो फटका खरोखरीच आणि फार जोराने बसला. त्यामुळे ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला व डाव्या डोळ्यास इजा पोहोचली. दीर्घकाळ उपचार चालले. चेहऱ्याची स्थिती पुष्कळशी सुधारली, पण डावा डोळा पूर्ववत झाला नाही. तो कायमचा किंचित मिटलेला, बारीक राहिला. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते.

या आघाताचे गांभीर्य कळण्यासाठी रंगभूमी आणि चित्रपट यांतील एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतील प्रेक्षक नटापासून पुष्कळ दूर असतो. नटाचा आवाज आणि ठसठशीत हावभाव त्याच्यापर्यंत पोहोचतात. पापणीची हालचाल पोहोचत नाही. चित्रपटाचे तसे नाही. कॅमेरा नटाच्या अगदी जवळ जातो आणि त्याचा चेहरा पडद्यावर घराच्या भिंतीएवढा मोठा करून दाखवितो. ओठांचा सूक्ष्म कंप आणि बुबुळाची लहानशी हालचाल हजारो प्रेक्षकांस एकाच वेळी दिसते. आपल्या मुखाच्या उजव्या व डाव्या बाजूंच्या स्नायूंना चालना देणारे मज्जातंतू वेगवेगळे आहेत. त्यांपैकी एकास इजा झाली, म्हणजे त्या बाजूचे हसणे, भुवई उचलणे वा डोळा मिटणे बिघडते. सामान्य माणसास हे दुःखदायक असतेच. परंतु चेहरा हेच जिचे उपजीविकेचे साधन, त्या अभिनेत्रीची यामुळे काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. गवयाचा गळा बसावा किंवा विणकराचा हात मोडावा, तसे हे झाले.

नायिकेच्या चेहऱ्याविषयी त्या काळच्या प्रेक्षकांच्या व निर्मात्यांच्या कल्पना ठरलेल्या होत्या. तो चेहरा निर्दोष, प्रमाणबद्ध व नाजूक असावा, अशी अपेक्षा असे. तेव्हा नायिकेच्या भूमिकांचे दार आता बंद झाले, हे उघड होते. चित्रपट सोडून घरी बसणे हा एक मार्ग होता, आणि तो पत्करला असता तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. परंतु ललिताबाईंनी दुसरा मार्ग धरला. कथेत नायिकेखेरीज इतरही स्त्रिया असतात. आई, सासू, आत्या, शेजारीण, घरमालकीण अशी अनेक माणसे असतात. त्यांची कामे आपण करावी, असे त्यांनी ठरविले. जेथे सव्विशीतील नट्या आपले तारुण्य जपण्याची खटपट करीत, तेथे या अभिनेत्रीने स्वतः होऊन प्रौढ व वृद्ध स्त्रियांच्या भूमिका अंगावर घेतल्या.

१९४४ साली प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट आला. त्यात त्यांनी राघोबादादांची पत्नी आनंदीबाई हिची भूमिका केली. पेशवे नारायणराव यांचा १७७३ साली खून झाला. नारायणरावांस धरण्याच्या आज्ञेत आनंदीबाईने ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ असे केले, अशी आख्यायिका आहे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आपल्या भाषेत आला. महत्त्वाकांक्षी, थंड डोक्याने विचार करणारी ही स्त्री साकारण्यास केवळ देखणा चेहरा पुरला नसता. ललिताबाईंचा तो बारीक झालेला डोळा येथे उणेपणा न ठरता उलट उपयोगी पडला. त्या नजरेमागे काहीतरी शिजत आहे, असे प्रेक्षकांस वाटू लागले.

यानंतर त्यांच्याकडे कठोर स्त्रियांच्या भूमिकांची रीघ लागली. १९५० साली व्ही. शांताराम यांनी हुंड्याच्या दुष्ट रूढीवर ‘दहेज’ हा चित्रपट काढला. त्यातील निर्दय सासू ललिताबाईंनी रंगविली. ही भूमिका प्रेक्षकांस इतकी झोंबण्याचे कारण असे की, ती कल्पित नव्हती. हुंड्यासाठी, मानपानासाठी सुनेस टोचून बोलणाऱ्या सासवा गावोगावी होत्या, आणि चित्रपटगृहात बसलेल्या कित्येक स्त्रियांनी तो जाच सोसलेला होता. हुंडा देण्याघेण्यास कायद्याने बंदी झाली ती १९६१ साली. त्यापूर्वीच अकरा वर्षे पडद्यावरील या सासूने त्या रूढीचे कुरूप तोंड समाजास दाखविले होते. सासू जितकी खरी वाटेल, तितकी रूढीविषयी चीड अधिक उत्पन्न होणार, हे उघडच आहे. म्हणूनच दुष्ट पात्राची भूमिका मन लावून करणारा नट दुष्टपणाची तरफदारी करीत नसतो. तो त्याचे यथार्थ दर्शन घडवीत असतो.

परंतु ललिताबाईंचा अभिनय म्हणजे केवळ तिरपी नजर, असे समजणे चूक होईल. शब्द तोलून, चावून बोलणे, वाक्याच्या अखेरीस आवाज खाली आणणे, पदर सावरण्याच्या किंवा मान वळविण्याच्या साध्या क्रियेतून पात्राचा अहंकार दर्शविणे, अशी अनेक साधने त्यांच्यापाशी होती. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ या १९५५ सालच्या चित्रपटातील श्रीमंत, सुशिक्षित, हट्टी आत्या आणि ‘दहेज’मधील सासू या दोघीही कठोरच, पण त्यांचे चालणे, बोलणे, रागावणे यांत साम्य नाही. प्रत्येक कठोर माणसाच्या कठोरपणाचे कारण निराळे असते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

शिवाय त्यांनी केवळ कठोर स्त्रियाच रंगविल्या असेही नाही. १९५५ सालच्या ‘श्री ४२०’ या चित्रपटात त्यांनी रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई उभी केली. गरीब, तोंडाने फटकळ पण मनाने मायाळू अशी ही बाई मुंबईत नव्याने आलेल्या निराधार तरुणास आपलेपणा देते. १९५९ साली हृषीकेश मुखर्जी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अनाडी’ या चित्रपटात त्या मिसेस डीसा नावाच्या ख्रिस्ती घरमालकीण झाल्या. ही वृद्धा आपल्या भाडेकरू तरुणावर सदोदित खेकसते. परंतु तिच्या खेकसण्याआड आईची माया आहे, हे प्रेक्षकांस हळूहळू उमगत जाते. पुढे दूषित औषधाने तिचा मृत्यू होतो, तेव्हा ज्यांनी ललिताबाईंना पडद्यावर पाहून नेहमी दातओठ खाल्ले होते, तेच लोक डोळे पुसू लागले. या भूमिकेबद्दल त्यांस सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा सन्मान केला. १९६२ सालच्या ‘प्रोफेसर’मध्ये तर त्यांनी एका करड्या पालक-स्त्रीच्या मनात उतारवयात उमललेला कोवळा भाव असा रंगविला की, प्रेक्षक हसता हसता तिच्याविषयी हळवे झाले.

अशा भूमिका करणाऱ्या नटास चरित्र अभिनेता आणि नटीस चरित्र अभिनेत्री म्हणतात. जाहिरातीच्या फलकावर नायक-नायिकांची चित्रे मोठी असतात व यांची नावे खाली, बारीक अक्षरांत असतात. परंतु कथेला भार सहन करण्याचे बळ पुष्कळदा हीच माणसे देतात. घराचा दर्शनी भाग कितीही शोभिवंत असला, तरी छप्पर पेलतात ते आतील खांब. ही गोष्ट जगात सर्वत्र दिसते. आयर्लंडच्या डब्लिन शहरात १८८८ साली जन्मलेले बॅरी फिट्झजेराल्ड हे प्रारंभी सरकारी कचेरीत कारकून होते. तेथील प्रसिद्ध ॲबी नाट्यगृहात कामे करून ते पुढे अमेरिकेतील चित्रपटांत गेले. ठेंगणी मूर्ती, सुरकुतलेला चेहरा, नायकाचे एकही लक्षण अंगी नाही! तरीही १९४४ सालच्या ‘गोइंग माय वे’ या चित्रपटात त्यांनी एका वृद्ध धर्मगुरूची भूमिका अशी केली की, त्या एकाच भूमिकेसाठी त्यांचे नाव प्रमुख अभिनेता आणि सहायक अभिनेता अशा दोन्ही ऑस्कर पारितोषिकांसाठी सुचविले गेले. त्यांपैकी सहायक अभिनेत्याचे पारितोषिक त्यांस मिळाले. डब्लिनचा कारकून काय आणि येवल्याच्या व्यापाऱ्याची कन्या काय, दोघांनीही एकच गोष्ट दाखवून दिली. पडद्यावर चेहऱ्याच्या रेखीवपणाहून चेहऱ्यामागील माणूस अधिक काळ टिकतो.

ललिताबाईंची कारकीर्द तर फारच दीर्घ ठरली. हिंदी, मराठी, गुजराती अशा भाषांतील मिळून त्यांचे चित्रपट सातशेच्या घरात जातात, असे सांगितले जाते. ‘अमर भूपाळी’ या १९५१ सालच्या मराठी चित्रपटातही त्यांचे काम होते. मूकपटाच्या काळात ज्यांनी आरंभ केला, त्याच ललिताबाई १९७१ साली रंगीत ‘आनंद’ चित्रपटात शिस्तप्रिय पण कनवाळू परिचारिका होऊन आल्या. पुढे १९८७ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी तिच्या वेळेस गावोगावचे रस्ते ओस पडत. त्या मालिकेतील मंथरा म्हणजे ललिता पवारच. १९६१ सालच्या ‘संपूर्ण रामायण’ चित्रपटातही त्यांनी हीच भूमिका केली होती. सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धेने कैकेयीच्या कानात विष ओतले आणि ज्यांनी त्यांचे जुने चित्रपट कधीच पाहिले नव्हते, अशा नव्या पिढीतील मुलांनीही त्यांचा मनःपूर्वक राग केला. नटाच्या दृष्टीने याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

मात्र येथे प्रेक्षकानेही एक विवेक बाळगला पाहिजे. पात्र निराळे आणि पात्र रंगविणारा माणूस निराळा. रामलीलेत रावण झालेला शेजारी दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानात बसून धान्य मापतो, तेव्हा आपण त्याच्यावर दगड उचलीत नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हे भान पुष्कळदा सुटते. पडद्यावरील प्रतिमा इतकी मोठी आणि इतकी जवळची असते की, तीच खरी वाटू लागते. ललिताबाईंच्या वाट्याला हे फार आले. मिसेस डीसाची माया लोक विसरले, गंगामाई विसरले, आणि सासू तेवढी भाषेत राहिली. त्यांच्या मिटल्यासारख्या डोळ्याकडे पाहून ‘काय कावेबाज नजर आहे!’ असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांस हे ठाऊक असे की, ती नजर कपटाने आलेली नसून एका अपघाताची खूण आहे. कोणाच्या चेहऱ्यावरील वा शरीरावरील व्यंगावरून त्याच्या मनाची परीक्षा करू नये, एवढे तरी यावरून आपण शिकले पाहिजे.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुणे येथे ललिताबाईंचे निधन झाले. ज्या पुण्यात बालवयात त्या प्रथम कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, तेथेच त्यांच्या आयुष्याची अखेर झाली. या दोन टोकांच्या मध्ये सुमारे सत्तर वर्षांचा काळ होता. त्या काळात मूकपट गेले, बोलपट आले, रंगीत चित्रपट आले, दूरदर्शनचा संच घरोघरी पोहोचला. नायिकांच्या कित्येक पिढ्या आल्या आणि विस्मृतीत गेल्या. सव्विसाव्या वर्षी जिची कारकीर्द संपली असे कोणासही वाटले असते, ती स्त्री या सर्व बदलांतून आपले काम करीत राहिली. गेलेला चेहरा परत मिळविणे तिच्या हाती नव्हते. उरलेल्या चेहऱ्याने काय करता येईल, एवढेच तिच्या हाती होते, आणि तेवढे तिने अत्यंत निष्ठेने केले. यापुढे कधी कोणी कठोर सासूस ‘ललिता पवार’ म्हटले, तर त्या नावामागील खऱ्या ललिताबाईंचेही आपण क्षणभर स्मरण करावे.